ताम्हनात धुतलेलं नाव

२८ सप्टें. २०१३, शनिवार

गुडघा आज बरा. सकाळी दहाला शेजारच्या किताजिमाबाई दारात उभ्या. हातात जांभळ्या रुमालात बांधलेलं गाठोडं, तान्हं मूल धरावं तसं. मुग्धा घरी होती म्हणून निभावलं. माझं जपानी नमस्कारापाशी संपतं, मग सूनबाईंकडे बघायचं.

बाई घर मोडून नागोयाला मुलीकडे कायमच्या चालल्या आहेत. पुढच्या महिन्याच्या २२ला. सोमवारपासून घरात खोकी बांधणारी माणसं येणार. गाठोड्यात त्यांच्या यजमानांची जिवाची वस्तू, ती खोक्यात घालायला बाईंचं मन होईना. १९ला वस्तुसंग्रहालयाचे एक साहेब येऊन घेऊन जातील. यजमानांच्या नावाने देणगी. तोवर आपल्या देवघरात ठेवाल का, असं विचारत होत्या.

रुमाल सोडला आणि मी हातच जोडले. वीतभरही नसेल. ब्राँझचं उघडंवाघडं पोर, एक बोट तोंडाशी, डोकं तुळतुळीत आणि उजव्या कानामागे एक वेणी लोंबतेय. कपाळावर फणा काढलेला नाग. इजिप्त देशातला बाळदेव म्हणे, दोन-अडीच हजार वर्षांचा. सगळा हिरवा-काळा कळकलेला.

मी म्हटलं, "अहो, हा तर आमचा बाळकृष्ण!" मुग्धाने सांगितलं तशा बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. म्हणाल्या, "मग त्याला करमेल इथे."

आमच्या बाळकृष्णाशेजारी बसवला. म्हणजे उभा केला. तो बसत नाही.


३० सप्टें.

खोकी बांधणारे आले. दिवसभर भिंतीपलीकडे चिकटपट्टीचा चर्र चर्र आवाज.

बाईंची आणि माझी ओळख कचऱ्याची. दोन वर्षांपूर्वी माझी बायको शालू गेली आणि निखिलने मला इकडे आणलं. पहिल्याच आठवड्यात मी बाटल्यांच्या दिवशी भाजीची देठं नेऊन ठेवली होती. बाईंनी पिशवी उचलली, माझ्या हातात परत दिली, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून एकेक वार शिकवला. त्या तक्त्यावरूनच मी इथली अक्षरं लावायला शिकलो. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण अक्षर दिसलं की मला ते लावल्याशिवाय राहवत नाही. त्यांना तांबट म्हणता येत नाही. 'ताम्बातो-सान' म्हणतात. आता मलाही तेच बरं वाटतं.

दुपारी 'बाळ कसा आहे' विचारायला डोकावल्या. आल्याचं लोणचं देऊन गेल्या.


४ ऑक्टो., शुक्र. अमावास्या

उद्या घट बसणार. आज देव उजळले.

शालू होती तोवर हे तिचं काम, मी नुसता चहा पीत बघायचा. ती गेल्यापासून माझं. देव घासताना तिच्याशी बोलणं होतं. देशी दुकानातली चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, जुना टूथब्रश. ताम्हनात आपले देव घातले. समई, घंटा, निरांजन. मग नजर त्या पाहुण्या पोराकडे गेली. सणाला घरातली सगळी मुलं न्हाऊन-माखून बसायची आणि परक्याचं तेवढं मळकं ठेवायचं? हात शिवशिवले. आम्ही तांबट. बापाने तांब्याच्या हंड्यावर कधी डाग राहू दिला नाही.

कळक चिवट होता. दोन तास चिंचेच्या पाण्यात ठेवला, मग ब्रश. पायाखालच्या चौथऱ्यावर तर खरखर नुसती माजली होती, तिथे मीठ घेऊन अंगठ्याने चोळलं. सुटलं. हिरवं पाणी मोरीत ओतलं, पुन्हा चिंच, पुन्हा ब्रश.

लखलखला! डोळे काय, जिवणी काय. अडीच हजार वर्षांत कुणी न्हाऊ घातलं नसेल बिचाऱ्याला. बाईंना दाखवीन तेव्हा...


५ ऑक्टो., शनि. घटस्थापना

काय लिहू.

सकाळी पूजेला निखिल सोवळं नेसून बसला. आरतीच्या मध्येच त्याची टाळी थांबली. मुग्धाकडे बघितलं. मुग्धाने देवघराकडे. आरती पुरी झाली, प्रसादही झाला, मग तो हळू म्हणाला, "बाबा, हा किताजिमा-सानचा ना? तुम्ही घासलात?"

मी हौसेने म्हटलं, "कसा दिसतोय?"

मुग्धाने फोनवर शोधून वाचून दाखवलं. जुन्या ब्राँझवरचा हिरवा थर म्हणजे मळ नाही. मूर्तीची मूळ कातडी त्या थरात उतरलेली असते. कोरलेली अक्षरं, नक्षी, सगळं त्यातच. थर गेला की ते गेलं. परत येत नाही.

मी म्हटलं, "अक्षरं कुठे होती? अक्षरं नव्हती काही."

मुग्धाने मूर्ती उचलून चौथरा उजेडाकडे धरला. जिथे मी अंगठ्याने चोळलं होतं तिथे खरवडल्यासारख्या दोन-चार रेघा. तिने पुन्हा खाली ठेवली.  रागावली असती तर बरं झालं असतं.

खरखर. ती खरखर म्हणजे अक्षरं होती.


६ ऑक्टो.

जेवण जात नाही. निखिल म्हणतो, "बाबा, किताजिमा-सानना मोतीबिंदू आहे. १९ला ते साहेब काय ते बघतील. आपण गप्प बसू. मुद्दाम थोडंच केलंत?"

मुलगा माझ्या मायेने बोलतोय. पण बाप म्हणून मला लाज वाटली. आणि त्याहून लाज वाटली ती मला ते ऐकून हायसं वाटलं त्याची.


७ ऑक्टो.

दुपारी बाई आल्या. मी बालकनीतून ऐकलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं. पंचाहत्तरीत.

आजचा पराक्रम इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही. तांब्यावर कळक कसा आणायचा हे मला ठाऊक आहे. बापाजवळ नवसागर असायचा. इथे तांदळाचं व्हिनेगर आणि मीठ. दहा येनचं नाणं तांब्याचंच. प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला व्हिनेगर, वर काडीवर नाणं, झाकण घट्ट. डबा कपडे वाळत घालायच्या काठीमागे लपवलाय.


९ ऑक्टो.

नाणं हिरवं झालं. छान, पोपटी. नकली.

तरी मूर्ती हातात घेऊन डब्यापाशी गेलो. झाकण उघडलं. त्याचं बोट तसंच तोंडाशी. मला वाटलं, सांगतोय, शू... कुणाला सांगू नकोस. हातापायांत बळ आलं. देवच म्हणतोय तर!

तेवढ्यात मुग्धा कपडे काढायला आली. डबा, नाणं, मी, मूर्ती. तिला काय ते कळलं. मी आपलं पुढे केलं, "बघ ना, तोच म्हणतोय गप्प बसायला."

"बाबा, ते गप्प नाही," ती म्हणाली. "मी वाचलं त्यात होतं. लहान मूल आहे हे दाखवायला त्यांच्याकडे तसंच काढायचे. पोर बोट चोखतं, बस. तुम्हाला ऐकायचं होतं ते ऐकलंत."

आणि टॉवेल घेऊन आत गेली. व्हिनेगर ओतून टाकलं. नाणं ठेवलंय.


१० ऑक्टो.

बाईंना किती टाळणार. पण तोंड दाखवायचीही हिंमत नाही. मग काय केलं, तर शालूच्या जुन्या पोलक्याचा मखमली तुकडा होता, त्याचा अंगरखा शिवला त्या पोराला. कुंचीही शिवली, कपाळ-कान झाकतील अशी. झेंडू मिळाला नाही, शेवंतीचा हार घातला. नाक आणि बोट तेवढं दिसतं. देवघरातला दिवा मागे सरकवला, म्हणजे तोंडावर अंधार.

देवाला जामानिमा आपण करतोच की. पण हा जामानिमा नव्हता.

बाई आल्या, बघून "कावाई, कावाई", किती गोड, म्हणत खाली बसल्या. डोळ्यांत पाणी. मुग्धा शेजारी, तिचं तोंड कोरं. मग बाईंनी ती गोष्ट सांगितली, मी कधी ऐकली नव्हती.

यजमान तरुणपणी कैरोला पुलाच्या कामावर होते, तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने निघताना दिलेली ही मूर्ती. पायाशी एक ओळ होती. यजमानांनी एका जाणकाराकडून ती वाचून कागदावर लिहून घेतली: बाळदेव आयुष्य देवो अमक्याला, जो तादीच्या पोटचा. "मुलाचं नाव मी विसरले," बाई म्हणाल्या, "आईचं विसरणार नाही. त्या मोठ्या भूकंपात कपाट अंगावर येत होतं. यांनी पाठीने कपाट अडवलं, एका हातात ही मूर्ती, आणि ओरडले काय? तादी! तादी! मी टेबलाखाली. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेली बायको टेबलाखाली आणि हा बाबा दुसऱ्या बाईला हाका मारतोय! मरेपर्यंत चिडवलं मी त्यांना."

हसता हसता हार नीट केला. जाताना माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबल्या. मी शेवंतीकडे बघत राहिलो.


११ ऑक्टो.

नवस होता तो. कुण्या आईचा, लेकासाठी. आपल्याकडे देवीला चांदीचा पाळणा वाहतात, डोळे वाहतात, तसा तिने देव घडवून देवालाच वाहिला आणि खाली नाव घातलं.

आणि नाव घालणं म्हणजे काय हे मला सांगावं लागू नये. आमच्या दुकानात बाप भांड्यांवर नावं घालायचा. लेकीच्या लग्नाची घागर, तिच्यावर आईबापाचं नाव. खिळ्यासारखी छिन्नी आणि छोटा हातोडा, टिंबाटिंबाने. मी सातवीतून उठून तेच शिकलो. बाप म्हणायचा, माणूस जातं, घागर मोडीत जाते, पण मोडीत घेणाराही आधी नाव वाचतो.

मी वाचलं नाही. अक्षर दिसलं की लावल्याशिवाय राहवत नाही म्हणे! अडीच हजार वर्षं टिकलेलं बाईचं नाव, माझ्या अंगठ्याखाली आलं, आणि मला ती खरखर वाटली.

त्या भूकंपाच्या दिवशी, ११ मार्चला, इथला फोन लागेना तेव्हा शालू पुण्यात आमचा बाळकृष्ण मुठीत धरून बसली होती. निखिलचा आवाज ऐकल्यावरच मूठ उघडली. तळव्यावर बाळकृष्णाच्या गुडघ्याचा वळ उठला होता. तेव्हा तिकडे भिंतीपलीकडे ते गृहस्थ... दोघंही आता नाहीत.


१३ ऑक्टो., रवि. दसरा

बाई कालही आल्या, आजही. पाच मिनिटं बसतात, बाळाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, जातात. आज मी त्यांना सोनं म्हणून आपट्याऐवजी दारातल्या झाडाचं पान दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. 


१६ ऑक्टो.

वादळ. सगळं बंद. निखिल घरीच. त्याला सांगितलं, मी बाईंना सांगणार. म्हणाला, "आता? तीन दिवस राहिले, त्यांना कशाला त्रास?" मी म्हटलं, "तू लहानपणी शेजारच्यांची काच फोडलीस तेव्हा मी तुला कान धरून नेलं होतं." म्हणाला, "मी आठ वर्षांचा होतो, बाबा." मी म्हटलं, "मग मला तुझ्याहून जास्त कळायला हवं ना."

मुग्धा सांगते म्हणाली, मी नको म्हटलं. तिच्याकडून एक वाक्य घोटून घेतलंय. वाताशि गा मिगाकिमाशिता. मी घासलं. भिंतीकडे तोंड करून शंभरदा म्हटलं.


१७ ऑक्टो.

सांगितलं.

अंगरखा उतरवला, कुंची काढली, उघडं पोर रुमालात घेऊन त्यांच्या दारात गेलो. मुग्धा मागे. रुमाल सोडला. वाक्य म्हटलं. चुकलं नाही. मग 'गोमेन नासाई', माफ करा, म्हणून वाकलो ते वर बघवेना. खोक्यांवर चिकटवलेले कागद दिसत होते, स्वयंपाकघर, पुस्तकं, स्वयंपाकघर.

 बाईंनी मूर्ती घेतली आणि चौथऱ्यावरून अंगठा फिरवला. आंधळ्या माणसासारखा. पुढे-मागे, पुढे-मागे. "तादी," असं म्हणाल्या. एवढंच कानाला कळलं.

बाकीचं मुग्धाने घरी येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. कुंचीतून नाक चमकत होतं. मी रोज येत होते. तुम्ही सांगाल म्हणून."

दहा तारखेपासून. सात दिवस ती बाई माझ्या दारात माझी वाट बघत होती आणि मी हार नीट करत बसलो.

माफ केलं का, मुग्धाला विचारलं. म्हणाली, "तसं काही बोलल्या नाहीत, बाबा. वाकल्या फक्त."


१९ ऑक्टो., शनि.

संग्रहालयाचे साहेब आले. चाळिशीचे, पांढरे हातमोजे. बाईंनी आम्हालाही बोलावलं होतं. रिकाम्या खोलीत चौघं जमिनीवर, मध्ये तो.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. चेहरा पडला, पण लगेच सावरला. काहीतरी विचारलं, त्यात 'मिगाकु' होतं, घासणं. तो एक शब्द आता मला झोपेतही कळेल. कुणी घासलं, कशाने घासलं, कधी.

बाई शांतपणे म्हणाल्या, "उचि दे." आमच्या घरी.

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. माझं वाक्य तयार होतं, शंभरदा घोटलेलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी चहाच्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिलो. वाक्य आलंच नाही बाहेर.

सांगून मोकळा झालो होतो ना दोन दिवसांपूर्वी? कसला मोकळा. नवऱ्याच्या नावाने देणगी द्यायला निघालेली बाई माझा दोष आपल्या घरावर घेऊन गेली आणि मी घेऊ दिला.

साहेब मूर्ती पेटीत घेऊन गेले. घ्यायची की नाही ते तपासल्यावर ठरेल. वेगळ्या उजेडात बघतील, कधी कधी खाली धातूत खूण उरते म्हणाले. कधी कधी.


२२ ऑक्टो.

बाई गेल्या. खाली गाडीपर्यंत गेलो. मी त्यांना एवढंच विचारायला सांगितलं मुग्धाला, साहेबांना तसं का सांगितलंत? बाई म्हणाल्या, "सणाला त्याला अंघोळ घातलीत. तेवढ्यासाठी ते तुम्हाला वाईट माणूस म्हणाले असते. मला ते आवडलं नसतं." मग गाडीत बसताना पुन्हा वळून, "नंतर लपवलंत, ते आपल्या दोघांतलं."

गाडी गेली. बाटल्यांचा दिवस होता. बाईंच्या बाटल्या धुऊन, झाकणं वेगळी करून ठेवलेल्या.


२६ ऑक्टो.

साहेबांना पत्र लिहिलं. 'काना' लिपीत, म्हणजे त्या तक्त्यावरच्या सोप्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने. मुग्धाने चुका काढल्या, पण पुन्हा माझ्याच हाताने उतरवून घेतलं. घासलं ते किताजिमा-सानांच्या घरी नाही, माझ्या घरी. चिंच आणि मीठ. दोन तास बुडवून, मग ब्रश. चौथऱ्यावर मीठ घेऊन अंगठ्याने. औषध लावताना ही माहिती लागते असं मुग्धा म्हणते, आम्ल कोणतं ते. व्हिनेगर लावलं नाही पण लावायला निघालो होतो, हेही लिहिलं. निखिल म्हणाला, ते कशाला. राहू दे म्हटलं.

शेवटी लिहिलं, तिथे एका आईचं नाव होतं, तादी. मुलाचं नाव किताजिमा-सानांना आठवत नाही. यजमानांचा कागद नागोयाच्या कुठल्यातरी खोक्यात असेल.

स्टेशनजवळच्या लाल पेटीत टाकलं. तसंच पत्र बाईंनाही.


१ नोव्हें., शुक्र. धनत्रयोदशी

दोन्हीकडून उत्तर नाही. पेटी रोज तीनदा बघतो. वीज बिल, पिझ्झाची जाहिरात.

दिवाळीचे देव उजळायचे होते. चिंच भिजत घातली आणि ओतून दिली. हात जाईना. देव नुसते पाण्याने धुतले, मऊ फडक्याने टिपले. बाळकृष्णाच्या गुडघ्यामागे थोडा हिरवा धरलाय. राहू दे. शालूला सांगितलं, या वर्षी असंच.

मुग्धा कामावर गेल्यावर ताम्हन घेऊन बालकनीत बसलो. हेच ते. यातच ते नाव धुतलं गेलं, यातूनच मोरीत ओतलं. निखिलच्या अवजारांतला एक बारीक खिळा आणि हातोडी. ताम्हनाखाली जुना टॉवेल. खिळा घसरतो, बापाने पाहिलं असतं तर उठवलं असतं. टिंबाला टिंब लागेना. तरी काठाशी घातलं, आपल्या अक्षरांत.

तादी.

आणि पुढे जागा सोडलीय, मुलाच्या नावापुरती. कागद सापडला तर.